आकाशीच्या म्हातारीला आवतण

पुणे
२३ ऑक्टोबर २००५

आक्का,

पाया पडते. वहिनी, तू हे वाचायला बसली असशील तर आधी आक्काआत्याच्या हातातली मशेरीची डबी काढून घे. निम्मं लक्ष तिचं तिकडेच असतं.

फोनवर सांगितलं असतं, पण फोन बाबांच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी. सगळं घर कान लावून बसतं. आणि तूच म्हणतेस ना, फोनवरचं बोलणं हातात राहत नाही, पत्र पुन्हा पुन्हा वाचून घेता येतं. तर हे पुन्हा पुन्हा वाचून घे.

भातलावणीत आपली पाठ करपते ना, ती ज्या उजेडाने करपते तो डोळ्यांना दिसत नाही. जांभळ्याच्याही पलीकडचा असतो. अतिनील म्हणतात त्याला. आपल्यावर हवेचं पांघरूण आहे, ते त्यातला बराचसा अडवतं, म्हणून आपण नुसते करपतो, मरत नाही. पण त्यामुळे लांबच्या आकाशगंगांचा तसला उजेड खाली पोचतच नाही. म्हणून एक दुर्बीणच वर सोडली आहे. ती पृथ्वीभोवती फिरते, आणि तिने टिपलेली चित्रं आमच्याकडे येतात. माझं काम ती बघायचं. आकाशगंगा म्हणजे ताऱ्यांचं गाव समज. आपला सूर्य म्हणजे आपल्या गावातलं एक घर.

आता मुद्द्याचं. नवे जन्मलेले मोठे तारे भलतेच तापट असतात, आणि हा अतिनील उजेड मुख्यतः त्यांचाच. म्हातारे तारे तांबूस, निवलेले. म्हणून या चित्रात कुठे चमकलं की समजायचं, तिथे नवे तारे जन्मलेत. माझ्या वाट्याला एक म्हातारी आकाशगंगा आली होती. तिला नाव नाही, नुसता नंबर. आता तिच्यात काही व्हायचं नाही म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेली. आणि आक्का, तिच्याभोवती कडं निघालं! बांगडीसारखं गोल, फिकट. म्हणजे म्हातारीच्या काठावर अजून तारे जन्मताहेत. सरांना दाखवलं तर ते खुर्चीवरून उठूनच उभे राहिले.

अजून तपासायचं आहे, लेख लिहायचा आहे. कुणाला सांगू नकोस. तुला असं सांगून उपयोग नसतो, ते माहीत असूनही सांगते.

तुझी उन्नती


दिघाशी
४ डिसेंबर २००५

उन्नती पोरी,

मी बोलतंय आनि मैना लिवतंय. (आक्का म्हणतात मी बोलते तस्संच लिही. मला जमेल तेवढं लिहिते. मैना.)

तुझा कागद मी इतक्यांदा वाचून घेतला का मैनाचा घसा बसला. त्या तुझ्या न दिसनाऱ्या उजेडाचं मना काय पन कळलं न्हाय, पन म्हातारीचं कळलं. तुना सांगून ठेवतंय, मी त्या म्हातारीला लगनाच्या गान्यात, धवल्यात घेतली.

आता तोंड वाकडं करू नको. ठकुबाईच्या धनेशचं लगीन झालं. हळदीच्या रातीला मी मांडवात बसलू, देवांना आवतन द्यायला लागलू, आनि माझ्या तोंडातून आपसूक आलं:

पयलं आवतन गो गावदेवीला
दुसरं आवतन गो वज्राई माउलीला
तिसरं आवतन गो आकाशीचे म्हातारीला
तिचे म्हातारपनी गो पालना हालला

मंग ठकुबाई बोल्ली, आक्का, ही कोन? मी सांगलं, माझ्या भाचीनं आभालात शोधून काढलीय, सगल्यांनी वांझ म्हणून टाकली होती तिला, आनि तिच्या काठाला आता पोरंच पोरं. मंग काय सांगू! ती ओळ बायांनी मना पुन्यांदा म्हणायला लावली. मानाचं लुगडं दिलंन, मोरपंखी, जरीचं.

आता खरी गोष्ट. तुझा बाप आनि आई तुझ्या दादाच्या, मनोजच्या मागं लागलीत. लगनाला आठ वरसं झाली, पोर न्हाय, तं मैनाला वज्रेश्वरीला माहेरी पोचव, काडीमोड कर, दुसरी आन. मनोज काय बोलत न्हाय, भिंतीकडं बघतंय. (आक्का, हे नको ना लिहायला.) लिव गो! मैना लिवतंय आनि रडतंय. तं त्या मांडवात तुझ्या बापाच्या, बाळारामच्या तोंडावर ती ओळ पडली. दुसऱ्या दिसापासून काडीमोडचं नाव न्हाय. उलट नाक्यावर तुझ्या फोटूचा मोठा फ्लेक्स लावलाय, तुझ्या डोक्यामागं चांदन्या काढल्यात. बाळाराम बोलतंय, यंदाचं वरीस बघू, माझ्या पोरीनं म्हातारीच्या काठाला पोरं दाखवलीत, आपल्याकडं बी काय तरी व्हईल.

तुझ्या कड्यानं मैनाचं घर राखलं, पोरी. देव तुझं भलं करो.

आक्का


पुणे
२२ जानेवारी २००६

आक्का,

पाया पडते. पत्र मिळालं. फ्लेक्सचं वाचून कानाची पाळीसुद्धा लाल झाली. बाबांना सांग, काढा तो. डोक्यामागे चांदण्या काय! मी काय देवी आहे?

धवल्यातली ओळ चांगली आहे. पण आक्का, अजून लेख पक्का झालेला नाही. सर म्हणाले, पुन्हा एकदा तपासू, दुर्बीण थोडी वळवून घेतलेलं दुसरं चित्र यायचंय. तोवर ती ओळ जरा बाजूला ठेवलीस तर? नाही म्हणजे, ठेवलीच पाहिजे असं नाही. तुझं तू बघ.

इथे थंडी आहे. काम खूप आहे. लवकर सविस्तर लिहीन.

उन्नती


दिघाशी
१२ मार्च २००६

उन्नती,

तुझं सविस्तर कुटं हाय? वाट बघून बघून डोळं पांढरं व्हायची पाळी आली. पुन्याला पोस्ट बंद झालंय का?

बाजूला ठेव म्हनतंस. आपल्या घरान्याची रीत तुना ठाऊक हाय, तू माझ्या मांडीवर बसून शिकलीस. एकदा धवल्यात नाव घेतलं, ते पाव्हनं झालं. पुढल्या मांडवात त्याला आवतन दिलं न्हाय तं त्या पाव्हन्याचा अपमान, आनि ज्या घरात न्हाय दिलं त्या घराला दोष. चुकीचं आवतन दिलं तं धवलारनीनं मानाचं लुगडं परत करायचं, भर दिवसा, हातात ताट घेऊन. माझ्या आयेनं कवा केलं न्हाय, आजीनं केलं न्हाय. म्हणून मी विचार करून नाव घेतंय, उगीच न्हाय.

आता सगल्या मांडवांत तीच ओळ. पार वज्रेश्वरीपत्तर पोचली. पोर न होनाऱ्या बाया मांडवाच्या कडेला येऊन उभ्या ऱ्हातात, म्हातारीची ओळ आली का पदर पुढं करतात. मैनाला सगल्या पुढं बसवतात.

चैत्रात वज्रेश्वरीच्या जत्रेला तुझा सत्कार ठेवलाय बाळारामनं. शाल, नारळ, बॅन्डबाजा. ये. बाळाराम आनखी एक बोलला, ते पन ऐक. पावसाच्या आधी मैनाचं काय ते ठरवायचं. तू येऊन त्या म्हातारीचं दोन शब्द बोललीस जत्रेत, सगल्यांसमोर, तं तो पुढलं वरीस पन थांबंल. त्याला मान लागतो, तुना ठाऊक हाय.

आक्का

(उन्नतीताई, माझ्याकडून दोन ओळी. आक्कांना माहीत नाही, त्या पाणी प्यायला उठल्यात. तुम्ही याच. मी कधी काही मागितलं नाही तुमच्याकडे. मैना.)


पाकिटावर: आक्का यांना. पत्र काकाच्या पूर्वीनेच वाचून दाखवावं.

पुणे
८ एप्रिल २००६

आक्का,

पूर्वी, हे दार लावून वाच. तुमच्या घरात वाचलंस तरी चालेल, पण आमच्या घरात मोठ्याने वाचू नकोस.

आक्का, कडं खोटं होतं.

कसं, ते सांगते, म्हणजे मी वेडी नव्हते एवढं तरी तुला कळेल. दुर्बिणीच्या आत काचा असतात. आमच्या चित्राच्या चौकटीच्या अगदी बाहेर एक तेजस्वी तारा होता, निळाशार. चित्रात तो दिसतच नव्हता, म्हणून त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही. त्याचा उजेड एका काचेवर आपटला आणि परत फिरून कड्यासारखा गोल पडला. पडला तो नेमका म्हातारीभोवती. दुसरं चित्र दुर्बीण वळवून घेतलं होतं. खरं कडं असतं तर म्हातारीसोबत जागच्या जागी राहिलं असतं. म्हातारी जागेवर होती, कडं सरकलं होतं. एवढंच.

इतर काही म्हाताऱ्या आकाशगंगांच्या काठावर खरोखर नवे तारे सापडलेत, दुसऱ्या लोकांना. ते खरं आहे. माझं खरं नाही.

हे मला जानेवारीतच कळलं. बाजूला ठेव असं लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी. आणि तुला लिहिलं काय, तर दुसरं चित्र यायचंय. चित्र माझ्या समोर होतं, आक्का. मी समोर ठेवून खोटं लिहिलं.

सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, होतं असं, वेळेत धरलंस ते बरं. लेख मागे घेतला. तिथे मला लाज वाटली नाही, चुका होतातच आमच्यात. लाज वाटते ती वहिनीसमोर. तिच्या तोंडून तुला हे ऐकवायचं, या विचारानेच तीन वेळा पत्र फाडलं. आणि आता काय करतेय, तर पाकिटावर पूर्वीचं नाव घालतेय. म्हणजे भित्री ती भित्रीच. मला नाही यायचं जत्रेला. बाबांना सांग, आजारी आहे. नाहीतर नको सांगूस, मी आणखी किती खोटं बोलू?

उन्नती


दिघाशी
१९ एप्रिल २००६

उन्नतीताई,

पाकीट पोस्टमनने माझ्याच हातात दिलं. पूर्वी मामाकडे गेली आहे, सुट्टी लागली. पाकिटावर तुम्ही तिचं नाव घातलंत तेव्हाच कळलं की आत माझ्याबद्दल आहे. फोडलं. रागवायचं असेल तर रागवा.

त्या दिवशी मी आक्कांसमोर पत्र धरून बसले आणि तोंडाला येईल ते वाचलं. उन्नती मजेत आहे, पुण्यात ऊन वाढलंय, खानावळीतली डाळ पातळ आहे. आक्का म्हणाल्या, एवढ्या जाड कागदात एवढंच? मी म्हटलं, अक्षर मोठं आहे. आयुष्यात मी आक्कांशी खोटं बोलले नव्हते. रात्री झोप लागली नाही. सकाळी त्या मशेरी लावत होत्या तेव्हा सगळं वाचून दाखवलं, पाकिटावरच्या नावासकट.

आक्का उठल्या. तोंड धुतलं, आत गेल्या आणि ट्रंक उघडून लुगडी काढून बघत बसल्या. पुढचं त्या स्वतःच सांगतील.

आता माझं. तुम्हाला वाटतं मी त्या कड्यावर आस लावून बसले होते. दहावी झालेय मी. आकाशातल्या कड्याने माझी कूस उजवेल, एवढी खुळी नाही. पण मांडवात ती ओळ आली की सगळ्या बायका माझ्याकडे बघायच्या, आणि चांगल्या नजरेने बघायच्या. मला त्या नजरेची सवय लागली होती. आता ती जाईल. माझी एवढीच लाज आहे, ताई, की कडं खोटं कळल्यावर मला पहिल्यांदा घर आठवलं नाही, ती नजर आठवली.

एक गोष्ट कुणाला सांगितली नाही, ती तुम्हाला सांगते, कारण तुम्हीपण आता खाली मान घातली आहे. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्यात. भिवंडीत डॉक्टरीणबाईंचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे, खाली पॉवरलूमचा कारखाना. दिवसभर खडाखड खडाखड, जमीन हलते. काही ऐकू येत नाही म्हणून ती ओरडून विचारते. पाळी वेळेवर येते का? नवरा जवळ येतो का? किती वेळा? मी हळू सांगितलं की तिला ऐकू जात नाही, मग ती पुन्हा ओरडते, मग मीपण ओरडते. बाकावर वीसभर बायका बसलेल्या. मागच्या खेपेला ती ओरडूनच म्हणाली, तुझ्यात काही दोष नाही, आता नवऱ्याला घेऊन ये! म्हणजे भिवंडीतल्या सगळ्या अनोळखी बायांना माहीत आहे. आपल्या घरात कुणाला माहीत नाही.

मी तुमच्या दादांना सांगितलं होतं. ते म्हणाले, पुन्हा हे तोंडातून काढलंस तर बघ. मी नाही काढलं. त्यांचं नाव खाली जाईल म्हणून नाही काढलं.

तुम्ही दोन वर्षांमागे दिवाळीला आलात तेव्हा मला विचारलंत, वहिनी, उपचार चालू आहेत ना? मला विचारलंत. दादा तिथेच शेव खात बसले होते.

मैना


पुणे
२५ एप्रिल २००६

दादा,

माझं पत्र बघून घाबरू नकोस, फ्लेक्सचे पैसे मागायला लिहीत नाही. तुझ्या गोडाऊनवरच्या पत्त्यावर पाठवतेय, घरी नाही. एकटा असशील तेव्हा वाच.

मी शोधलेलं कडं खोटं निघालं, हे तुला एव्हाना कळलं असेल. कशामुळे निघालं ते आक्काला विचारू नकोस, मी सांगते. चौकटीबाहेर एक तारा होता. भारी झगझगीत. चित्रात नव्हता म्हणून आम्ही सगळे त्या म्हातारीलाच तपासत बसलो, तिचंच वय, तिचाच उजेड, तिचंच सगळं. त्याच्याकडे कुणी वळून बघितलं नाही. मी तर शिकलेली ना? मीसुद्धा नाही बघितलं.

दादा, आपल्या घरात आठ वर्षं तेच चाललंय, आणि मी त्यात पहिली. वहिनीला विचारत राहिले. तुला कधीच विचारलं नाही, कारण तू माझा दादा. माझी मान आता खाली आहे, म्हणूनच लिहायचं धाडस होतंय. वहिनीने सोसलंय. तू एकदा जा. फक्त एकदा. निघेल ते निघेल. काही दोष निघाला तर तो काय तू मुद्दाम केलेला आहेस? आणि नाही निघाला तर निदान तिला एकटीला तरी कुणी बोलणार नाही.

तू पाचवीत असताना सुई टोचायला आले म्हणून माळ्यावर लपला होतास. आक्काने तुला लाडू दाखवून खाली उतरवलं. मी लहान होते, पण आठवतं मला. या खेपेला लाडू नाही. या खेपेला तूच उतर.

नाही गेलास, तर मी पावसाच्या आधी येईन आणि वहिनीला माझ्याकडे पुण्याला घेऊन जाईन. हे धमकी समज. मी बाबांची पोरगी आहे, मला जमतं.

उन्नती


दिघाशी
१४ मे २००६

उन्नती पोरी,

मी बोलतंय आनि मैना लिवतंय. पूर्वीला बोलवू काय म्हणून विचारलं, तं मैना बोल्ली, नको, पाकिटावर माझंच नाव लिवा आता.

पयलं माझं सांगतंय. ठकुबाईकडं लुगडं परत केलं. भर उन्हाचं, ताटात लुगडं, वर नारळ, उघड्यावर चालत. गल्लीतली मानसं बघत होती. मोरू सायकलवरून उतरून उभा ऱ्हायला, जसं कुनी मेलंय. धवलारीन आक्का, साठ वरसांची, तिनं ज्या पाव्हनीला आवतन दिलं तिच्या हातात कडंच नव्हतं. लाज वाटली, पोरी. माझी आय वर बसून बघत असंल, असं वाटलं.

ठकुबाईनं ताट घेतलं आनि बाजूला ठेवलं. बोल्ली, आक्का, म्हातारी हाय का न्हाय? मी बोल्लू, हाय. कडं न्हाय, पन म्हातारी हाय, भाचीनं लिवलंय. तं बोल्ली, मंग आवतन खरं. पालना हालो न हालो, बाईला मांडवात बोलवायला पोर लागतं काय? आनि लुगडं माझ्या अंगावर टाकलं, पुन्हा.

रघूच्या पोरीच्या हळदीला मी पुढली ओळ गायली न्हाय. तिसरं आवतन दिलं आकाशीचे म्हातारीला, आनि गप बसलू. पालन्याची ओळ माझ्या गळ्यातून निघंना. तं मागून सगल्या बायांनी गायली! माझ्याशिवाय! मी मान खाली घालून बसलू. मैना पुढंच बसली होती. मंग तिनं मना पानी आनून दिलं.

जत्रेतला सत्कार बाळारामनं रद्द केला. फ्लेक्स काढला, आता तो गोठ्यामागल्या पेंढ्यावर टाकलाय, पाऊस आला तर भिजू नये म्हणून. तुझं तोंड उलटं हाय, चांदन्या जमिनीकडं. बाळाराम बोलतंय पोरीनं नाक कापलं. मी सांगलं त्याला, तुझं नाक लय लांब हाय, थोडं कापलं तं काय बिघडत न्हाय. आनि आनखी सांगलं, बाळाराम, धवला माझा चुकला, सून न्हाय चुकली. मैनाला ज्या दिशी या घरातून काढशील, त्या दिसापासून तुझ्या दारात धवला व्हनार न्हाय. दुसरी धवलारीन आन, बघतंय कोन येतंय ते. तो गप बसला. पन गप बसनं आनि मानणं सारखं नसतंय.

मंग परवा रातचं जेवताना मनोज बोलला. आपला मनोज, जो भिंतीकडं बघतंय! ताटावरून मान वर न करता बोलला, मैना कुटं जानार न्हाय. बाळाराम बोलला, का रं? मनोज बोलला, मी सांगतंय म्हणून. आनि भात मागितला. झालं. का बोलला, कशापाई बोलला, मना काय म्हाईत न्हाय. मैनाला विचारलं, तं ही बोलतंय, मना पन म्हाईत न्हाय. खोटारडी. तिच्या तोंडावर सगलं लिवलेलं हाय.

तू ये. सत्काराला न्हाय, भाकर खायला ये. लाज वाटते म्हणून घरी न यायचं असं असतं तं या घरात कुनीच ऱ्हायलं नसतं.

आक्का

(आक्का निजल्या. आता माझं.

उन्नतीताई, तुमचं दादांना आलेलं पत्र मी वाचलेलं नाही. त्यांनी ते चार घड्या करून पाकिटात ठेवलंय, गाडीच्या कागदांसोबत.

परवा सकाळी ते म्हणाले, चल, भिवंडीला जाऊ. कशाला ते बोलले नाहीत. गाडी दवाखान्याच्या आधीच्या गल्लीत लावली, कुणी ओळखीचं बघू नये म्हणून. काउंटरवर नाव विचारलं तर त्यांनी गावातल्या रघूचं सांगितलं. मग कंपाउंडर बाहेर येऊन रघू, रघू म्हणून हाक मारतो, आणि हे बसूनच. आपलंच नाव विसरले. मी कोपराने ढोसलं तेव्हा उठले. इतर वेळी मी हसले असते.

काय निघालं ते लिहीत नाही. ते त्यांचं आहे, त्यांना वाटलं तर तेच सांगतील. परत येताना भिवंडी सोडल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. म्हणाले, मैना, मला तुझ्याकडे बघायची लाज वाटते. मी म्हटलं, मग रस्त्याकडे बघा आणि गाडी चालवा.

पण मला तुम्हाला दुसरंच सांगायचं होतं. आम्ही जिना चढलो तेव्हा मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. आत गेल्यावर कळलं, जमीन हलत नव्हती. परवा शुक्रवार होता. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात, हे सगळ्यांना माहीत आहे. दादांनी मुद्दाम शुक्रवार निवडला होता, म्हणजे कुणाला ओरडावं लागू नये. मी सगळ्या खेपांना सोमवारी नाहीतर बुधवारी गेले, त्यांची गोडाऊनवरची गाडी मोकळी असायची तेव्हा.

मी त्यांच्या शेजारी खुर्चीवर बसले. डॉक्टरीणबाई हळू बोलत होत्या, फक्त आम्हा दोघांना ऐकू जाईल एवढंच. इतक्या वर्षांत मला ठाऊकच नव्हतं, ताई, त्यांचा आवाज इतका मऊ आहे.

मैना)